दुधाच्या बिलाची जुनी फाइल आणि ३२ बिटांचं ऑफिस

सकाळी पावणेसहाला माझा फोन वाजला की समजायचं, कुठल्या तरी दूध संस्थेत काहीतरी अडलंय. त्या वेळेला दुसरं कुणी मला फोन करत नाही.

"नवं मशीन आणलंय, पण वजन घेईना झालंय," सचिव सांगत होते. "काल रात्री दुकानाचा पोरगा सगळं बसवून गेला. आता लोकं किटल्या घेऊन रांगेत हाईत."

"तात्या, काट्यावर आकडा दिसतोय ना? मग आज सकाळचं दूध वहीत लिहा. मी नवाला येतो."

संस्था आमच्याच भागातली, सभासद चारशेच्या आसपास. नावाची इथे गरज नाही. संकलन केंद्रावर एक संगणक, आत ऑफिसात बिलांसाठी दुसरा. दोन्हींवर विंडोज ७ आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००७. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबले होते, ऑफिस २००७ चे त्याही आधी, १० ऑक्टोबर २०१७ ला. पण ज्या घरात बिल वेळेवर निघतं तिथे अशा तारखांकडे कोण बघतो? शेवटी पावसाळ्यात केंद्रावरच्या संगणकाचा बोर्ड गेला आणि संचालक मंडळाने एका बैठकीत दोन्ही बदलायचं ठरवलं. नवीन आले ते विंडोज ११ आणि ऑफिस होम अँड बिझनेस २०२४ घेऊन. खोक्यावर नाव 'ऑफिस' असल्यामुळे जुन्या फाइली चालतील असं सगळ्यांनी धरलं. त्यात चूक नाही, मीही कधी काळी असंच धरून चाललो होतो.

संस्थेचं काम ज्या फाइलींवर चालतं त्या २००४ च्या सुमारास गावातल्याच एका मुलाने लिहिल्या होत्या. तो पुढे पुण्याला गेला आणि नंबर बदलला. सभासद दूध घेऊन येतो, काट्याचं वजन वायरीने संगणकात येतं, नमुना मिल्क अ‍ॅनालायझरमध्ये जातो, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) किती लागली ते कळतं, दरपत्रकातून दर निघतो आणि पावती छापली जाते. हे सगळं अ‍ॅक्सेसच्या एका एमडीबी, म्हणजे डेटाबेसच्या फाइलमध्ये. दर दहा दिवसांनी एक्सेलची दुसरी फाइल त्यातून आकडे उचलते, पेंडीची उधारी आणि उचल वजा करते आणि मराठीत बिलं काढते. वीस वर्षांनी ते काम उघडून बघितलं तेव्हा त्या मुलाला मनातल्या मनात हात जोडले. काही ठिकाणी कानही धरावेसे वाटले, ते पुढे येईलच.

मी पोचलो तोवर मंडळातल्या तिघांची तीन मतं तयार होती. चेअरमनच्या मुलाचं म्हणणं, वर्गणीचं मायक्रोसॉफ्ट ३६५ घ्या, कायम नवं राहतं. दुकानदार म्हणत होता, २००७ ची सीडी आहे ना, तीच चढवून देतो. एक संचालक म्हणाले, फुकटातलं लिब्रेऑफिस का नको, आमच्या भाच्याकडे तेच आहे. सगळ्यांचा प्रश्न एकच: कुठल्या सालचं घ्यायचं?

मी दोन दिवस मागितले. सालाचं उत्तर मलाही माहीत नव्हतं, कारण ती फाइल कशाकशाच्या आधाराने उभी आहे हेच अजून कुणी मोजलं नव्हतं.

फाइल कशावर उभी होती

ऑफिसातला जुना संगणक अजून जिवंत होता, हे नशीब. त्यावर दोन्ही फाइली उघडल्या, व्हीबीए, म्हणजे ऑफिसचे मॅक्रो (छोटे प्रोग्राम) लिहायची भाषा, तिच्या संपादकात जाऊन टूल्समधली रेफरन्सेसची यादी वहीत उतरवली. मग सगळ्या मॉड्यूलमध्ये तीन शब्द शोधले: डिक्लेअर, क्रिएटऑब्जेक्ट आणि प्रोव्हायडर. पहिला शब्द दाखवतो की मॅक्रो थेट विंडोजच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या डीएलएलला, म्हणजे तयार कोडच्या फाइलीला, हात घालतो आहे. दुसऱ्यावरून कळतं की तो कुठला वेगळा प्रोग्राम उठवतो, आणि तिसऱ्यावरून डेटाबेसशी कुठल्या रस्त्याने बोलतो ते. शेवटी प्रत्येक फॉर्म डिझाइनमध्ये उघडून कुठलं बटण, कुठली चौकट मुळात बाहेरून आणलेली आहे ते बघितलं. या कामाला साडेतीन तास लागले आणि पुढचे सगळे निर्णय त्या दोन पानांवरून झाले.

सगळ्यात मोठी गाठ काट्यापाशी होती. वजन वाचायला त्या मुलाने एमएसकॉम३२ नावाचं ओसीएक्स (फॉर्मवर बसवायचा तयार भाग) वापरलं होतं. व्हिज्युअल बेसिक ६ च्या काळातली ही वस्तू सीरियल पोर्टवरून, म्हणजे काट्यासारखी यंत्रं जोडायच्या जुन्या पोर्टवरून, येणारी अक्षरं वाचून देते. ती फक्त ३२ बिटांत आहे, ६४ बिटांची आवृत्ती कधी निघालीच नाही. (३२ की ६४ बिट हे प्रोग्राम मेमरीचे पत्ते केवढ्या लांबीचे वापरतो त्याचं माप.) नव्या संगणकांवर दुकानातून आलेलं ऑफिस होतं ६४ बिटांचं. ऑफिस २०१० पासून दोन्ही प्रकार मिळतात, पण बरीच वर्षं मायक्रोसॉफ्ट स्वतःच ३२ घ्या म्हणत असे. २०१९ पासून काही न निवडता बसवलं तर ६४ बसतं. संगणक ६४ बिटांचा, विंडोज ६४ बिटांचं, मग ऑफिसही ६४ च हवं असं लोकांना वाटतं. तसं काही नाही. ६४ बिटांच्या विंडोजवर ३२ बिटांचं ऑफिस सुखाने चालतं. मात्र ६४ बिटांच्या ऑफिसात ३२ बिटांचं ओसीएक्स किंवा डीएलएल शिरू शकत नाही. दोघं एका प्रक्रियेत राहूच शकत नाहीत.

दुकानाच्या पोराने त्याच्या परीने खटपट केली होती. जुन्या हार्ड डिस्कवरून ते ओसीएक्स काढून त्याने विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये टाकलं आणि नोंदवायचा प्रयत्न केला. नाव '३२' असलेला फोल्डर ३२ बिटांच्या वस्तूंसाठीच असणार, असा कुणाचाही समज होईल. प्रत्यक्षात उलट आहे: ६४ बिटांच्या विंडोजमध्ये सिस्टिम३२ मध्ये ६४ बिटांच्या वस्तू राहतात आणि ३२ बिटांच्या सिसवॉव६४ मध्ये. पोराचा दोष नाही, नावंच तशी आहेत.

दुसरी गाठ अ‍ॅनालायझरची, आणि निर्णय खरं तर तिनेच केला. यंत्र विकणाऱ्याने त्या काळी सोबत एक डीएलएल दिली होती, मॅक्रो तिला डिक्लेअरने हाक मारतो आणि फॅट-एसएनएफचे आकडे घेतो. तीही ३२ बिटांची. तिचा सोर्स कुणाकडे आहे हे विकणाऱ्याच्या आजच्या माणसालाही सांगता येईना.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. ६४ बिटांच्या ऑफिसात जुना मॅक्रो उघडला की कंपायलर तक्रार करतो: हा कोड ६४ बिटांसाठी सुधारा, डिक्लेअरला पीटीआरसेफ लावा. लोक तो शब्द लावतात, जिथे पत्त्यासाठी लाँग होतं तिथे लाँगपीटीआर करतात, तक्रार थांबते आणि वाटतं, जमलं. विंडोजच्या स्वतःच्या फंक्शनांपुरतं ते खरं आहे, कारण विंडोजकडे त्यांची ६४ बिटांची जोडी असते. पण दुसऱ्याने दिलेल्या ३२ बिटांच्या डीएलएलला पीटीआरसेफ लावून काही होत नाही. तो शब्द म्हणजे लिहिणाऱ्याने दिलेली हमी असते की मी पत्त्यांचे आकार तपासले आहेत. त्याने समोरची वस्तू बदलत नाही.

बाकीच्या नोंदी तुलनेने हलक्या. तारीख निवडायची चौकट एमएसकॉमसीटी२ मधली, तीही ३२ बिटांचीच. पण अ‍ॅक्सेसच्या साध्या तारखेच्या चौकटीलाच २००७ पासून कॅलेंडर येतं, म्हणून ती उडवता येण्यासारखी. एक्सेलची फाइल डेटाबेसशी जेट ४.० या रस्त्याने बोलत होती. तोही ६४ बिटांत नाही, पण तिथे त्याच्या जागी आलेलं एस (एसीई) १२.० लिहिलं की दोन्हीकडे चालतं, एका ओळीचं काम. एका मॅक्रोत फोल्डरमधल्या फाइली शोधायला फाइलसर्च वापरलं होतं. ते ऑफिस २००७ मध्येच काढून टाकलं गेलं. म्हणजे तो मॅक्रो गेली कित्येक वर्षं बंदच होता, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. विचारलं तर तात्या म्हणाले, "ते बटण चालत न्हाई, म्हणून आम्ही दाबत न्हाई." जुन्या फाइलींत अशी मेलेली बटणं असतातच. ती जिवंत करायच्या नादी लागू नये.

दोन महिन्यांचं कोडं

एक्सेलच्या फाइली चाळताना एक गोष्ट खटकत होती. वर्षाचा गोषवारा दोन-दोन महिन्यांच्या सहा फाइलींत तोडला होता. हिशेबाचं वर्ष, तिमाही, सहामाही हे समजू शकतं, पण दुमाही कशासाठी? तात्यांना विचारलं तर, "पहिल्यापासून तसंच हाय."

कागदावर गुणाकार केला तेव्हा उलगडलं. चारशे सभासद, दिवसातून दोन वेळा, तीन महिने धरले तर ७३,६०० ओळी होतात. जुन्या एक्सएलएस शीटमध्ये ओळी मावतात ६५,५३६. दोन महिन्यांच्या ४८,८०० होतात, त्या बसतात. त्या मुलाने मर्यादा ओळखून बेताने कापणी केली होती. २००७ पासूनच्या नव्या स्वरूपात शीटला १०,४८,५७६ ओळी मिळाल्या, पण एक्सएलएस फाइल नव्या एक्सेलमध्ये उघडली तरी ती सुसंगतता मोडमध्ये, जुन्याच मर्यादेत उघडते.

ही मर्यादा किती महागात पडू शकते याचं मोठं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. २०२० मध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यात तिथले १५,८४१ कोरोनाबाधित रोजच्या आकड्यांतून सुटले आणि त्यांच्या संपर्कातल्यांचा शोधही लांबला. प्रयोगशाळांकडून आलेल्या याद्या जुन्या एक्सएलएस साच्यात ओतल्या जात होत्या, साचा भरला की पुढच्या ओळी गळून पडत होत्या.

मंडळातल्या एका तरुण संचालकाने हे ऐकून सुचवलं की मग फाइल सरळ नव्या स्वरूपात सेव्ह करू आणि वर्षाची एकच करू. ऐकायला बरोबर, पण मॅक्रोमध्ये शेवटची ओळ शोधायला 'ए६५५३६ पासून वर जा' असं लिहिलेलं होतं. त्या काळी सगळे असंच लिहीत. फाइल नव्या स्वरूपात गेली आणि ओळी त्या आकड्यापलीकडे गेल्या, की मॅक्रो ६५,५३६ व्या भरलेल्या घरापासून वर उडी मारतो, थेट यादीच्या माथ्यावर पोचतो आणि जुन्या नोंदींवर नव्या लिहायला लागतो. एरर येत नाही.   मी दुमाही कापणी तशीच ठेवली आणि एक्सएलएसला हात लावला नाही. नवं स्वरूप चांगलं आहे म्हणून चालती फाइल त्यात ओतायची नसते.

कुठलं घ्यायचं

दुकानदाराची २००७ ची सीडी मी खरोखर एका नव्या संगणकावर चढवून बघितली. चालली. काटा सोडून जवळपास सगळं चाललं. मोह होण्यासारखंच होतं. पण हा संगणक इंटरनेटला जोडलेला, त्यावरच संस्थेचा ईमेल आणि बँकेच्या याद्या. आठ वर्षं सुरक्षेचा एकही अपडेट न मिळालेलं ऑफिस तिथे ठेवायला मी तयार नव्हतो.

लिब्रेऑफिस अर्ध्या तासात बाद झालं. साधे एक्सेल मॅक्रो ते बऱ्यापैकी ओढतं, पण अ‍ॅक्सेसचे फॉर्म आणि त्यांच्यामागचा कोड त्यात चालत नाही, आणि इथे सगळा जीव फॉर्मातच. जुनं विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवण्याचाही विचार केला. पहाटे केंद्रावर बसणाऱ्या पोराला संगणकाच्या आतला संगणक चालू-बंद करायला लावायचा, सीरियल पोर्ट आत न्यायचा, हे माझ्या पचनी पडेना.

राहिलं नवं ऑफिस. ६४ बिट घ्यायचं तर डीएलएलसाठी मध्ये एक छोटा ३२ बिटांचा प्रोग्राम लिहावा लागला असता, जो अ‍ॅनालायझरचे आकडे घेऊन एखाद्या टेक्स्ट फाइलमध्ये टाकेल. करता येतं. पण ६४ बिटांचा फायदा काय होणार होता? तो प्रचंड मोठ्या शीटना होतो, मेमरी जास्त मिळते. आमची एमडीबी १८० एमबीची आणि एमडीबीची कमाल मर्यादाच २ जीबी. म्हणजे फायदा शून्य. ३२ बिट ठरलं. एका संगणकावर अर्धं ३२ आणि अर्धं ६४ असं बसत नाही, म्हणून जे बसवायचं ते सगळं ३२.

साल ठरवायला मग फार वेळ लागला नाही. ऑफिस २०२१ चे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ ला संपणार, एवढ्यासाठी पैसे घालण्यात अर्थ नव्हता. ३६५ विरुद्ध २०२४ यावर चेअरमनच्या मुलाशी थोडा वाद झाला. त्याचं म्हणणं चूक नव्हतं, पण ३६५ स्वतःला बदलत राहतं आणि मला इथे नेमकं न बदलणारं हवं होतं. २०२४ विकत घेतलेलं होतंच, अपडेट ९ ऑक्टोबर २०२९ पर्यंत. फक्त त्या संचात अ‍ॅक्सेस नसतं. वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट, वननोट, आउटलुक एवढंच. दुकानात हे कुणी सांगितलं नव्हतं आणि संस्थेने विचारलं नव्हतं. ऑफिसातल्या संगणकासाठी अ‍ॅक्सेस २०२४ वेगळं घेतलं. आधीचं ६४ बिटांचं काढून, खात्याच्या पानावर 'इतर पर्याय' मध्ये जाऊन तोच परवाना ३२ बिटांत पुन्हा उतरवला. त्याला जादा पैसे पडत नाहीत, पण बऱ्याच जणांना ते ठाऊकच नसतं.

केंद्रावरच्या संगणकाला एक्सेलची गरजच नव्हती. तिथलं ऑफिस काढून टाकलं आणि मोफत मिळणारं अ‍ॅक्सेस रनटाइम, ३२ बिटांचं, तेवढंच बसवलं. रनटाइममध्ये फॉर्म चालतात, पण डिझाइन उघडत नाही. म्हणजे पोरांनी हात घालायचीही सोय नाही. त्याचा एक दुर्गुण आधीच सांगून ठेवतो: मॅक्रोत न पकडलेली चूक झाली की पूर्ण अ‍ॅक्सेसमध्ये निदान खिडकी येते, रनटाइम मात्र थेट बंद पडतं. त्यामुळे प्रत्येक प्रोसीजरमध्ये चूक पकडणाऱ्या ओळी घालाव्या लागल्या. फोल्डर विश्वासू म्हणून नोंदवायचा पडदाही तिथे नसतो, ते रजिस्ट्रीतून करावं लागलं. आणि रनटाइम ३६५ च्या शाखेतलं असल्यामुळे अपडेट होत राहतं. ज्याला टाळत होतो ते मागच्या दाराने थोडं आत आलंच. केंद्रावर दुसरा परवाना घेण्यापेक्षा तो धोका मंडळाने पत्करला.

काटा, कागद आणि अक्षरं

३२ बिट घेतल्यावर एमएसकॉम चालायला हवं होतं. ओसीएक्स सिसवॉव६४ मध्ये ठेवलं, तिथल्याच रेजएसव्हीआरने नोंदवलं आणि फॉर्म उघडला तर नवीन निरोप: या कंट्रोलचा परवाना नाही. जुन्या संगणकावर त्या मुलाने व्हिज्युअल बेसिक बसवलं होतं, परवान्याची नोंद त्यासोबत आली होती, नव्यावर ती कुठून येणार? इंटरनेटवर त्या नोंदीची पळवाट सापडते, पण उसन्या परवान्यावर संस्थेचं काम मला चालवायचं नव्हतं. एमएसकॉम काढलं आणि विंडोजच्या कर्नल३२ मधली क्रिएटफाइल, सेटकॉमस्टेट, रीडफाइल ही फंक्शनं वापरून काटा थेट वाचला. सव्वाशे ओळी. त्या लिहिताना पीटीआरसेफ आणि लाँगपीटीआर लावूनच लिहिल्या, उद्या ६४ वर जायची वेळ आली तर एवढा भाग तरी तयार असेल.

नव्या संगणकाला नऊ पिनांचं सीरियल पोर्ट नव्हतं, म्हणून यूएसबीची वायर आणली. पहिली वायर विंडोज ११ ने ओळखली नाही, आतली चिप जुनी. दुसरी ओळखली आणि तिला कॉम १९ हा नंबर दिला. गंमत म्हणजे एमएसकॉम ठेवलं असतं तर इथेही अडलं असतं, कारण त्याला १६ च्या पुढचं पोर्ट मोजता येत नाही. डिव्हाइस मॅनेजरमधून नंबर ३ केला.

पावतीचा डॉट मॅट्रिक्स जुनाच, पण तोही आता यूएसबीवर, आणि मॅक्रो पावती पाठवतो एलपीटी१ ला, म्हणजे जुन्या प्रिंटर पोर्टला. प्रिंटर शेअर करून 'नेट यूज' या आज्ञेने एलपीटी१ हे नाव त्याच्याकडे वळवलं. कोडला हात लावावा लागला नाही.

ऑफिसातल्या संगणकावर एक्सेलची बिलाची फाइल उघडली तर शीटवरची बटणं मुकी. दाबा, काही होत नाही, निरोपही नाही. ऑफिस २०२४ पासून एक्सेल, वर्ड, पॉवरपॉइंटमध्ये अ‍ॅक्टिव्हएक्स सुरुवातीपासूनच बंद असतं, आणि ती बटणं त्याच प्रकारची होती. ट्रस्ट सेंटरमधून चालू करता येतं, पण ते सगळ्याच फाइलींसाठी चालू होतं. मी पाचही बटणं साध्या फॉर्म कंट्रोलची करून तेच मॅक्रो त्यांना जोडले, दहा मिनिटांचं काम. मॅक्रोंवर लाल पट्टी आली ती वेगळीच भानगड: ती फाइल कुणीतरी ईमेलवरून उतरवून घेतली होती, आणि २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींचे मॅक्रो आपोआप अडवले जातात. प्रॉपर्टीजमध्ये अनब्लॉकला टिचकी मारली की झालं.

मग मराठी. सभासदांची नावं युनिकोडमध्ये नाहीत, जुन्या 'सुरेख' फाँटात आहेत. म्हणजे फाइलमध्ये साठवलेली अक्षरं खरं तर इंग्रजी आणि तिच्या वरच्या चिन्हांची आहेत, फाँट त्यांना देवनागरी चेहरा देतो. फाँटची फाइल आणून टाकली, नावं दिसली. पण बिलाचा मथळा आणि 'एकूण कपात' यासारखे शब्द, जे मॅक्रोतच लिहिलेले होते, ते प्रश्नचिन्हं होऊन छापले जात होते. दोन तास मी ऑफिसच्या आवृत्तीलाच दोष देत बसलो. शेवटी सापडलं ते वेगळ्याच जागी. दुकानाच्या पोराने "मराठी नीट दिसावं म्हणून" विंडोजच्या प्रदेश सेटिंगमधली यूटीएफ-८ च्या बीटा चौकटीवर टिक केली होती. व्हीबीएचा संपादक युनिकोड जाणत नाही, तो विंडोजच्या कोडपेजवर, म्हणजे कुठला आकडा कुठलं अक्षर हे ठरवणाऱ्या तक्त्यावर, जगतो. कोडपेज बदललं की १२७ च्या वरची सगळी चिन्हं विस्कटतात. टिक काढली, संगणक पुन्हा सुरू केला, अक्षरं परत आली. तोवर कुणी ती फाइल सेव्ह केली नव्हती म्हणून वाचलो.

ऑटोकरेक्टही लगेच बंद केलं. वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करायची त्याची सवय जुन्या फाँटात भलतंच अक्षर उमटवते, आणि सभासदाचं नाव चुकलं तर बँक पैसे परत पाठवते.

दहा दिवस दोन्हीकडे

एक पूर्ण बिल, ११ ते २० तारखेचं, जुन्या आणि नव्या दोन्ही संगणकांवर काढायचं ठरलं. जुन्यावर वहीतून टायपून, नव्यावर काट्यावरून. केंद्रावरच्या पोराने दोन दिवस कुरकुर केली, मग त्यालाही मजा यायला लागली. तोच चुका शोधून आणायला लागला.

पहिला फरक दोन दिवसांनी कळला. मागच्या बिलातली उचल काही सभासदांना लागलीच नव्हती. त्या नोंदी होत्या ३ आणि ५ तारखेच्या. नव्या विंडोजचा प्रदेश अमेरिका होता. मॅक्रो तारीख मजकुरातून वाचतो, त्यामुळे ३ तारीख म्हणजे मार्च महिना झाला, आणि १३ तारखेसारख्या, महिना होऊच न शकणाऱ्या तारखा मात्र बरोबर वाचल्या गेल्या. अर्धं बरोबर, अर्धं चूक, म्हणून दोन दिवस कुणाला संशय आला नाही. प्रदेश भारत केला. ऑफिसची कुठलीही आवृत्ती घेतली असती तरी ही चूक झालीच असती.

दुसरा फरक माझा स्वतःचा. सव्वीस बिलांत एक-एक पैसा कमी-जास्त येत होता. एका मॅक्रोची साफसफाई करताना व्हीबीएच्या राउंडऐवजी मी एक्सेलचं राउंड टाकलं होतं, एकच तर आहे म्हणून. एक नाही. बरोबर मध्यावरचा आकडा आला की व्हीबीएचं राउंड जवळच्या सम अंकाकडे जातं, ०.१२५ चे ०.१२ होतात, एक्सेलचं ०.१३ करतं. वीस वर्षं सभासदांना ज्या रीतीने पैसे मिळाले तीच रीत राहिली पाहिजे, म्हणून माझी साफसफाई मागे घेतली. तात्यांना हे समजावून सांगताना मी जरा घसा खाकरला. ते एवढंच म्हणाले, "पैशाला हात लावायच्या आधी इचारत जा."

२१ तारखेला दोन्हीकडची बिलं जुळली आणि जुना संगणक बंद केला. हार्ड डिस्क काढून कागदात गुंडाळून कपाटात ठेवली, वर लिहिलं: पुसू नये.

काही कामं मागे आहेत. २००४ च्या आधीच्या नोंदींच्या दोन फाइली अ‍ॅक्सेस ९७ च्या निघाल्या. २०१३ पासूनचं कुठलंच अ‍ॅक्सेस त्या उघडत नाही. माझ्या जुन्या लॅपटॉपवर २०१० आहे, त्यातून त्या बदलून घेतल्या. रात्रीची प्रत काढणारी छोटी व्हीबीस्क्रिप्टची फाइल आज चालते, पण विंडोजमधून व्हीबीस्क्रिप्ट टप्प्याटप्प्याने जाणार हे मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये जाहीर केलं आहे, म्हणून तिच्या जागी बॅच फाइल लिहिली. नावं युनिकोडमध्ये आणायचं काम उन्हाळ्यात, दूध कमी असतं तेव्हा.

ती दोन पानांची यादी आता टाइप करून ऑफिसातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. एका रकान्यात वस्तूचं नाव, दुसऱ्यात ३२ की ६४, तिसऱ्यात ती कुणाकडून दुरुस्त होईल त्याचं नाव. बहुतेक ओळींत माझं आहे. अ‍ॅनालायझरच्या डीएलएलसमोर तात्यांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलंय, आणि खाली यंत्र विकणाऱ्याला पुन्हा फोन करायची तारीख.